पिस्टनवाली सेमी-ऑटोमॅटिक रायफल: जास्तीचे पैसे टाकावेत का?

ऑस्टिनकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इथे टेक्सासात नुकतंच ग्रीन कार्ड हातात पडलेल्या मित्रांकडून एकच प्रश्न सारखा येतो. एआर-१५ (इथली सर्रास मिळणारी सेमी-ऑटो रायफल) घ्यायचं नक्की झालंय, पण दुकानदार म्हणतो दुपटीने पैसे टाका आणि पिस्टनवाली घ्या. घाण होत नाही, अडकत नाही, जन्माची ददात मिटली. घेऊ का? फोनवर तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना थेट प्रतिसादांकडे जाता येईल. सायलेन्सर लावणार नसाल, नळी सोळा इंचांची असेल आणि महिन्यातून एखाद्या रविवारी रेंजवर जाणार असाल, तर पिस्टनसाठी जास्तीचा एक डॉलरही देऊ नका. ते पैसे चांगल्या मॅगझिनवर (रायफलीत अडकवायची काडतुसांची पेटी) आणि गोळ्यांवर घाला.

आता कारण. कुठलीही सेमी-ऑटो रायफल स्वतःहून भरली जाते ती बहुधा गॅसच्या जोरावर. बार उडाला की नळीतल्या गॅसचा थोडा हिस्सा वरच्या भोकातून काढून घ्यायचा, त्याने पुंगळी बाहेर फेकायची आणि पुढचं काडतूस वर चढवायचं. खरा वाद एवढाच की तो गॅस जाणार कुठे. आर्मालाइट कंपनीत यूजीन स्टोनरने तो एका बारीक पोलादी नळकांडीतून थेट मागे, बोल्ट कॅरियरच्या (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टला घेऊन मागेपुढे सरकणारा भाग) पोटात सोडला. १९५६ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९६० मध्ये ते मिळालं. कॅरियरच्या आत बोल्टची शेपटीच पिस्टनचं काम करते. त्यामुळे वेगळा पिस्टन, दांडा, स्प्रिंग असलं काही लागत नाही, वजन वाचतं आणि सगळी हालचाल नळीच्या सरळ रेषेत होते. एआर-१५ खांद्यावर एवढी मऊ का लागते त्याचं हे मोठं कारण. याची किंमत म्हणजे गरम गॅस आणि काजळी नेमकी तिथे जाते जिथे तेल टिकायला हवं. चुलीचं धुराडं माजघरात काढल्यासारखा प्रकार आहे.

पिस्टनवाल्या रायफलीत गॅस पुढेच, नळीवरच्या ठोकळ्यात थांबतो. तिथला पिस्टन दांड्याला ढकलतो, दांडा कॅरियरला. एके-४७ आणि दुसऱ्या महायुद्धातल्या एम-१ गॅरंडमध्ये पिस्टन कॅरियरबरोबर शेवटपर्यंत मागे जातो. बेल्जियमच्या एफएएल रायफलीत किंवा जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीच्या ४१६ मध्ये तो जेमतेम बोटभर हलून एक टोला देतो आणि परत जागेवर येतो. हल्ली एआरच्या सांगाड्यात पिस्टन बसवून जे विकलं जातं ते बहुतेक या दुसऱ्या जातीचं.

दुकानदार दुसरी गोष्ट काढतो ती व्हिएतनामची: एम-१६ (एआर-१५ चं लष्करी रूप) अडकली, जवान मेले, का, तर पिस्टन नव्हता. हे अर्धवट आहे. मूळ चाचण्या काडतुसातल्या ज्या दारूवर झाल्या ती बदलून सैन्याने दुसरी, गोळीदार दाण्यांची दारू वापरली. रायफल नेमून दिल्यापेक्षा वेगाने चालायला लागली आणि काजळी वाढली. चेंबरला (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) क्रोमचा मुलामा नव्हता, त्या दमट हवेत तो गंजायचा आणि पुंगळी आतच चिकटायची. वर साफसफाईचं सामान धड पुरवलेलं नव्हतं, कारण ही रायफल साफ करावी लागत नाही असा समज पसरलेला. १९६७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीने यावरून सैन्याला चांगलंच झापलं. पुढे क्रोम आलं, साफसफाईचं सामान आलं, आणि तीच पिस्टन नसलेली रायफल सैन्याने पुढची अनेक दशकं वापरली.

पिस्टनचे तोटे थोडक्यात: पुढचा भाग जड होतो, धक्का जरा टणक लागतो, किंमत चढते आणि सुटे भाग ज्या त्या कंपनीचेच लागतात. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, त्यावर सविस्तर लिहीन, पण आधी तुमचे अनुभव येऊ द्या.

गावठी कट्टा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. प्रतिसादांची शंभरी नक्की.

आयडीवरून गैरसमज नको, माझ्याकडे लायटरसुद्धा नाही.

फौजी सातारकर

ऑस्टिनकर साहेब, चांगलं लिहिलंय. मी सिव्हिलियन रायफल कधी विकत घेतली नाही, पण पिस्टन साफ करण्यात माझी उमर गेली, म्हणून चार शब्द.

आमची पहिली रायफल ईशापूरची ७.६२ एसएलआर, म्हणजे तुम्ही म्हणता त्या एफएएलचीच बहीण. तिला गॅस रेग्युलेटर असतो, म्हणजे जास्तीचा गॅस बाहेर सोडणारं भोक कमीजास्त करणारी चकती. रेग्युलेटर उघडा सोडून एकेक राउंड टाकून फायर करायचा आणि हळूहळू बंद करत न्यायचा. शेवटचा राउंड उडाल्यावर ब्रीच ब्लॉक मागे अडकून राहायला लागला की आणखी दोन क्लिक द्यायचे आणि विसरून जायचं. हे ज्याला समजलं त्याची रायफल चिखलात लोळली तरी चालायची. ज्याने खांद्याला जोराचा झटका हवा म्हणून रेग्युलेटर पूर्ण बंद ठेवला, त्याच्या रायफलीचे भाग लवकर झिजायचे.

पिस्टनवाली साफ करावी लागत नाही हे ऐकून हसू आलं. घाण कुठे गेली? पुढे गेली एवढंच. फायरिंग संपल्यावर गॅस प्लग काढायचा, पिस्टन आणि स्प्रिंग बाहेर घ्यायची, सिलिंडरात चिंदी फिरवायची. प्लग महिनाभर काढला नाही तर कार्बनने असा बसायचा की हाताने हलायचा नाही. उस्ताद आधी पिस्टनवर बोट फिरवायचे, बोट काळं झालं की शाम की परेड.

एसएलआरनंतर आलेल्या आपल्या इन्सास रायफलीलाही पिस्टन आहे, लांब चालीचा. पण १९९९ ला कारगिलच्या थंडीत बोंब झाली ती प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे जातात याची. मॅगझिन रद्दी असेल तर वर पिस्टन लावा नाहीतर सोनं लावा.

ऑस्टिनकर

सुभेदार साहेब (रँक अंदाजाने लिहितोय), मॅगझिनबद्दल तुम्ही लाखातलं बोललात. त्यावर पुढे येतोच.

फौजी सातारकर

ऑनररी कॅप्टन. पण काका म्हणा.

एडिसनवासी

आमच्या न्यू जर्सीत हा प्रश्न फार लवकर सुटतो. आधी पोलिसांकडून फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड काढा. मग दहा गोळ्यांच्या वर जाणारं मॅगझिन चालत नाही. दस्ता सरकणारा चालत नाही, नळीच्या तोंडाला फ्लॅश हायडर (बाराची ज्वाळा झाकणारं तोंड) चालत नाही, म्हणून दुकानात एआर मिळते ती दस्ता खिळवून पक्का केलेली. सायलेन्सर तर नावसुद्धा काढायचं नाही. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय इथेही सामान्य माणसाला सायलेन्सर नाहीच. म्हणजे तुमच्याच हिशोबाने आमच्यासाठी पिस्टनचा खरा उपयोग शून्यावर येतो. वर २०२३ पासून इलिनॉय आणि वॉशिंग्टन राज्यात अशा नव्या रायफलींची विक्रीच बंद झाली आहे. तेव्हा धाग्याच्या डोक्यावर ठळक अक्षरात लिहा: आधी राज्य सांगा, मग रायफल विचारा.

पश्चिम किनारा

+१. कॅलिफोर्नियात १९८९ पासून हेच चाललंय. इथे ज्यांना पिस्टनच हवा असतो ते पुष्कळदा रुगर मिनी-१४ कडे वळतात. लाकडी दस्ता, पिस्तुलासारखी मूठ नाही, दहाचं मॅगझिन, त्यामुळे कायद्याच्या व्याख्येत अडकत नाही. तिच्यात पिस्टन जागेवर पक्का असतो आणि त्याच्यावर बसणारा स्लाइड मागे जातो. नेमाच्या बाबतीत एआरची सर नाही, पण शेतावर, कोल्ह्या-कुत्र्यांसाठी उत्तम.

नवखा सॅन अँटोनियो

अवांतर असल्यास माफ करा. मी एच-१बी वर आहे. ऑफिसातल्या गोऱ्या मित्राचं रँच आहे, तो पुढच्या महिन्यात रानडुकरांच्या शिकारीला नेतोय. त्याची पिस्टनवाली ३०० ब्लॅकआउट (हा काडतुसाचा प्रकार) रायफल आहे, म्हणतो तूच चालव. टेक्सासात डुकरासाठी लायसन्स लागत नाही असं तो म्हणाला. बरोबर आहे ना?

ऑस्टिनकर

नवखे, अवांतर अजिबात नाही. रायफल नंतर, आधी हे वाच. आणि बाकीच्यांनीही वाचा, कारण आपल्या निम्म्या मंडळींना हे ठाऊक नसतं.

तुझा मित्र टेक्सासच्या कायद्यापुरता बरोबर आहे. २०१९ पासून खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला राज्याचं शिकारीचं लायसन्स लागत नाही. पण तुझा गळा केंद्राच्या कायद्यात अडकलाय. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हाच केंद्रीय गुन्हा आहे. एच-१बी, एल-१, एफ-१, भारतातून बी-२ वर आलेले आईबाबा, सगळे त्यात आले. विकत घेणंच नव्हे, मित्राची हातात घेणं, रेंजवर भाड्याने घेणं हेही. यातून जी सूट आहे तिचा नेहमीचा रस्ता म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स जवळ असणं. म्हणजे डुकरासाठी जे लायसन्स लागत नाही, तेच तुला बंदुकीला हात लावण्यासाठी लागतं!

काढायला सोपं आहे. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, मोठ्यांना तो ऑनलाइन करता येतो. लायसन्सची मुदत ३१ ऑगस्टला संपते, हे मात्र डोक्यात ठेव. १ सप्टेंबरला नवीन नसेल तर सूटही नाही.

भीती घालत नाही, पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कलमाखाली कमाल शिक्षा पंधरा वर्षं आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यावरून ग्रीन कार्डवाल्यालाही हद्दपार करता येतं. रेहाइफ विरुद्ध अमेरिका हा २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल गूगल करून बघ. फ्लोरिडात शिकायला आलेला मुलगा, कॉलेजातून नाव काढलं गेल्यावर स्टेटस संपलेलं, आणि रेंजवर जाऊन बार काढले म्हणून केंद्रीय खटला. आपलं स्टेटस संपलंय हे त्याला माहीत होतं हे सरकारने सिद्ध करायला हवं होतं, एवढ्यावर कोर्टाने शिक्षा बाजूला केली. पण तिथवर पोचेपर्यंत त्याच्या आयुष्याचं काय झालं असेल ते बघ.

ह्यूस्टनची काकू

हे वाचून घाम फुटला. दिवाळीत सासरे आले होते, आमचे हे त्यांना हौसेने रेंजवर घेऊन गेले. फोटोही टाकले व्हॉट्सअॅपवर.

गावठी कट्टा

काकू, फोटो उडवा. आधी फॅमिली ग्रुप, मग बाकीचे.

ऑस्टिनकर

काकू, घाबरून काही करू नका, उडवाउडवी तर मुळीच नको. शंका असेल तर इमिग्रेशनचा वकील गाठा. पुढच्या वेळी आजोबांना बेसबॉलला न्या.

फिनिक्सचा गॅस ब्लॉक

आता जरा विषयावर येऊ. धागाकर्त्यांचा मूळ लेख छान आहे, पण निकाल आधीच लावून पुरावे नंतर मांडलेत. मी बरीच वर्षं दोन्ही प्रकारच्या रायफली चालवतो आणि पिस्टनच्या बाजूने उभा आहे.

पहिली गोष्ट सायलेन्सर. तुम्ही तो जर-तर म्हणून बाजूला टाकलात. पण १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला. अर्ज, बोटांचे ठसे, नोंदणी हे सगळं तसंच आहे, पण इथे दुकानात सायलेन्सर विचारणाऱ्यांची गर्दी वाढली ती वाढलीच. सायलेन्सर लावला की नळीतला दाब जास्त वेळ टिकतो आणि तुमच्या स्टोनरच्या नळकांडीतून जास्तीचा गॅस मागे येतो. चार्जिंग हँडलच्या (कॅरियर हाताने मागे ओढायची मूठ) फटीतून तो सरळ डोळ्यांत. एक मॅगझिन चालवली की नाकात अमोनियासारखा वास, चष्म्यावर काळे ठिपके आणि कॅरियर काळा चिकट. पिस्टनवाल्यात रेग्युलेटरचा काटा एक घर फिरवला की बराचसा गॅस पुढेच बाहेर पडतो. नळीतून मागे येणारा तो येतोच, तेवढं खोटं बोलणार नाही. पण फरक चेहऱ्याला कळतो.

दुसरी गोष्ट आखूड नळी. सोळा इंचांखाली गेलं की गोळी भोकाच्या पुढे गेल्यापासून नळीबाहेर पडेपर्यंतचा वेळ फार कमी उरतो, आणि थेट गॅसची रायफल नाजूक होते. हेकलर अँड कॉखची ४१६ अमेरिकेच्या डेल्टा फोर्सच्या गरजेतून जन्मली ती याचसाठी. नॉर्वेने घेतली, फ्रान्सने घेतली, अमेरिकेच्या मरीन्सनी तिचाच भाऊ एम-२७ म्हणून घेतला. २०२२ मध्ये अमेरिकन लष्कराने एम-४ च्या (एम-१६ चं आखूड रूप) जागी सिग कंपनीची जी नवी रायफल निवडली ती पिस्टनवालीच. हे सगळे वेडे?

तिसरी, आणि ही कोणी बोलत नाही. सिग एमसीएक्ससारख्या रायफलीत स्प्रिंगा वरच्या भागातच असतात, मागे बफर ट्यूब (दस्त्यातली स्प्रिंगची नळी) नसते. त्यामुळे दस्ता दुमडून साध्या टेनिसच्या बॅगेत रायफल मावते. थेट गॅसच्या नेहमीच्या एआरला हे जमत नाही.

आणि चौथी: २००७ ची धुळीची चाचणी. अमेरिकन लष्कराच्या अॅबरडीन इथल्या चाचणी केंद्रात प्रत्येक प्रकारच्या रायफलींतून ६०,००० गोळ्या झाडल्या. एम-४ ८८२ वेळा अडली. ४१६ २३३ वेळा, स्कार २२६ वेळा, एक्सएम-८ १२७ वेळा. शेवटच्या तिन्ही पिस्टनच्या. आता बोला.

ऑस्टिनकर

बोलतो ना!

धुळीच्या चाचणीचे आकडे बरोबर आहेत, पण त्यांची फोड सांगितली नाहीत. एम-४ च्या ८८२ पैकी २३९ वेळा दोष मॅगझिनचा होता. त्याच वर्षी उन्हाळ्यात झालेल्या आधीच्या चाचणीत एम-४ तीनशेच्या आसपासच अडली होती. तेच हत्यार, तसलीच धूळ, आणि दोन चाचण्यांत जवळजवळ तिपटीचा फरक. म्हणजे गॅस कुठे जातो याखेरीज बरंच काही त्या आकड्यांत मिसळलेलं आहे. बरं, अगदी ८८२ धरले तरी ६०,००० मध्ये दीड टक्का, तेही मुद्दाम धुळीत लोळवून. आपल्या रविवारच्या रेंजवर धूळ येते ती शेजारच्या लेनमधल्या काकांच्या बुटांची.

सैन्यांचं म्हणाल तर त्यांना आखूड नळी हवी, सायलेन्सर हवा, पाण्यातून बाहेर येऊन लगेच बार काढता यायला हवा. सुटे भाग आणायला अख्खं पुरवठा खातं आहे. तुम्हाआम्हाला यातलं काय लागू आहे? आणि इथे माझा राखून ठेवलेला मुद्दा येतो.

थेट गॅसच्या एआरचे बहुतेक भाग कुठल्याही कंपनीचे कुठल्याही कंपनीला बसतात. बोल्ट तुटला, गॅस ट्यूब वाकली, जवळच्या दुकानात जा, घे, पाच मिनिटांत बसव. पिस्टनच्या एआरला असं प्रमाण माप नाही. एलडब्ल्यूआरसीचा पिस्टन वेगळा, पीओएफचा वेगळा, अॅडम्स आर्म्सचा वेगळा. दांडा वेगळा, कॅरियर वेगळा, ठोकळाही वेगळा. रुगरने २००९ मध्ये एसआर-५५६ काढली, चांगली होती, पुढे बंद केली. ज्यांनी घेतली ते आता जुन्या मालाच्या जाहिराती धुंडाळतात. मोठी नावाजलेली कंपनी असून ही गत, तर लहान कंपनी उद्या गुंडाळली तर काय?

वजनाचंही बोला की. ४१६ चं नागरी रूप एमआर५५६ रिकामी असतानाच चार किलोच्या घरात जाते, साधी सोळा इंची एआर तीन किलोच्या आसपास. आणि तो किलो कुठे, तर पुढच्या हातावर. बाकावर टेकवून मारणाऱ्याला काही नाही, उभ्याने पन्नास बार काढून बघा.

फिनिक्सचा गॅस ब्लॉक

सुट्या भागांचं मान्य. मी म्हणून रायफल घेतली त्याच दिवशी पिस्टन, स्प्रिंग आणि गॅस रिंगांचा जास्तीचा संच घेऊन ठेवला. ही सवय सगळ्यांनी लावावी. उभ्याने मारायचं म्हणाल तर वजन धक्का खातं, हेही लिहा की.

फौजी सातारकर

चार किलोला जड म्हणता? एसएलआर चारच्या वर होती, अन् भरलेली मॅगझिन वेगळी. पोरांनो, सूर्यनमस्कार घाला.

मालवणी गजाली

तुमचा चलाँद्या. आमच्याकडे भातात रानडुकर शिरले तर रात्रभर डबे वाजवूचे लागतत. शेतीसंरक्षणाचो परवानो आसा घरात, आजोबाच्या नावाचो होतो तो वडलांनी बदलून घेतलो, त्यासाठी किती फेरे मारले ता माका विचारू नकात. बंदूक कसली तर ठासणीची, एक बार काढलो की दुसऱ्या बारासाठी दारू ठासूक बसाचा. तवसर डुकर शेजाऱ्याच्या वाफ्यात. आणि निवडणूक लागली की तीय पोलीस ठाण्यात जमा.

एक इचारतंय: ही सेमी-ऑटो हयसर मिळाक शक्य आसा काय?

ऑस्टिनकर

गजालीबुवा, सामान्य माणसाला नाही. भारतात असली मोठ्या काडतुसाची सेमी-ऑटोमॅटिक रायफल प्रतिबंधित वर्गात मोडते. परवान्यावर मिळते ती दर बाराला हाताने बोल्ट ओढायची ३१५ बोअरची रायफल किंवा बारा बोअर. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला हत्यारंही तीनऐवजी दोनच ठेवता येतात. त्यामुळे पिस्टन की थेट गॅस हा वाद तिकडे फौजेपुरताच.

ओहायोची वहिनी

इतके प्रतिसाद झाले, फायदे-तोट्यांत घरातल्या माणसांचा उल्लेख कुठे दिसला नाही, म्हणून लिहिते. मी हॉस्पिटलात काम करते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, खून नव्हे. घरात वयात आलेला मुलगा असेल, कोणी नैराश्यातून जात असेल, तर रायफल पिस्टनची की बिनपिस्टनची याने काय फरक पडतो? फरक पडतो तो कुलपाने. शेजारच्या घरात मुलं खेळायला जातात तेव्हा मी आता सरळ विचारते, बंदूक आहे का, कुठे ठेवता. लोकांना राग येतो, येऊ दे.

गावठी कट्टा

वहिनी, आता या धाग्याचं काश्मीर होणार बघा.

ऑस्टिनकर

होणार नाही. वहिनी बरोबर बोलताहेत आणि हे मी मूळ लेखात घालायला हवं तेवढं महत्त्वाचं आहे. टेक्सासातही नीट न ठेवलेली भरलेली बंदूक मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हा आहे. पिस्टनसाठी दुकानदार जे सात-आठशे डॉलर जास्त मागतो, त्यात जमिनीला बोल्टने आवळलेली बऱ्यापैकी तिजोरी येते. माझ्याकडे रायफल एका कपाटात, काडतुसं दुसऱ्यात, किल्ल्या माझ्या आणि बायकोच्या. मुलीला पासवर्ड माहीत नाही, आणि तो तिच्या वाढदिवसाचा तर नाहीच नाही.

फिनिक्सचा गॅस ब्लॉक

यावर आपलं एकमत. स्वसंरक्षणासाठी घेणारे म्हणतील कुलपात ठेवली तर उपयोग काय. बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या पेट्या मिळतात, घ्या.

ओहायोची वहिनी

धन्यवाद. बॅटरी बदलायची आठवण कॅलेंडरला टाका म्हणजे झालं.

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. अमेरिकेच्या निवडणुकीवर स्वतंत्र धागा आहे, तिकडे जावे.

नवखा सॅन अँटोनियो

ऑस्टिनकर दादा, कोर्स केला, लायसन्स काढलं, शिकारीला जाऊन आलो. मित्राची रायफल सायलेन्सरसकट चालवली. आवाजापेक्षा स्प्रिंगचा खणखणाट जास्त ऐकू येतो, गंमत वाटली. डुक्कर मिळालं नाही.

ऑस्टिनकर

शाब्बास. डुक्कर न मिळणं हीच बहुतेक शिकारींची खरी बातमी असते.

कॅरोलटनचा पाटील

सगळा धागा वाचला, वाचनखूण साठवली. माझं सिटिझनशिप झालंय, टेक्सासातच आहे, सायलेन्सर लावायचाच आहे, त्यामुळे गॅस ब्लॉक भाऊंच्या पार्टीत. पण नवी परवडत नाही. एका ओळखीच्याकडे जुनी पिस्टनची एआर विकाऊ आहे, हजाराच्या आत देतोय. काय काय बघून घेऊ?

फिनिक्सचा गॅस ब्लॉक

पाटील, पैसे देण्याआधी रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, मग दोन्ही पिना ढकलून वरचा भाग खालच्यापासून वेगळा करा. बॅटरीचा टॉर्च घेऊन बफर ट्यूबचं तोंड बघा, खालची कड. पिस्टनचा टोला कॅरियरच्या वरच्या अंगाला, बोल्टच्या रेषेच्या वर बसतो. त्यामुळे कॅरियरचं डोकं वर उचललं जातं आणि शेपूट खाली दबते. जुन्या बनावटीत ती शेपूट ट्यूबची कड खरवडते. काळा मुलामा जाऊन चंद्रकोरीएवढा पांढरा अॅल्युमिनियम दिसेल. नुसतं चकाकत असेल तर काळजी नाही, तेवढं होतंच. पण नख फिरवल्यावर खाच लागली, किंवा बफरच्या तोंडावर अॅल्युमिनियमचा चुरा दिसला, तर सोडून द्या. नंतरच्या बनावटींत कॅरियरची शेपूट मुद्दाम जाड ठेवतात किंवा खालून उतार देतात, त्यांत हे फारसं होत नाही.

मग रेग्युलेटर हाताने फिरतो का ते बघा. काका म्हणाले तसा कार्बनने बसलेला असेल तर मालकाने कधी उघडलेलाच नाही. पिस्टन बाहेर काढून तोंडाशी झीज, तडा, दांड्याला वाक बघा. आणि सगळ्यात आधी कंपनीला ईमेल टाका, या मॉडेलचा पिस्टन आणि कॅरियर अजून विकता का. नाही म्हणाले तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

ऑस्टिनकर

हे शेवटचं वाक्य मी छापून घेणार आहे, पिस्टनवाल्याच्या तोंडून आलंय.

पाटील, ओळखीचा असला तरी व्यवहार दुकानातून करा. तो तुमची पार्श्वभूमी तपासून, फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म) भरून घेऊन रायफल देईल, थोडी फी घेईल. विक्रेत्याचं नाव, नंबर कागदावर राहतो. उद्या ती चोरीची निघाली तर हात वर करून उभं राहायची वेळ येणार नाही.

कॅरोलटनचा पाटील

ईमेल टाकला. उत्तर आलं की लिहितो. बफर ट्यूबचा फोटोही मागवलाय, तो आधी म्हणाला "ते कशाला उघडायचं?"

फिनिक्सचा गॅस ब्लॉक

मग बहुतेक तुमचे पैसे वाचले.